धार तुटेपर्यंत

शुश्रूषागृहाच्या वहीत त्याच्या नावापुढे सलग नऊ दिवस एकच वाक्य होतं: "रुग्ण सहकार्य करत नाही." मी चष्मा पुसला आणि ते पुन्हा वाचलं. अक्षर नीटनेटकं होतं. नऊ दिवस एकाच वळणाचं. लिहिणाऱ्याने कालची ओळ बघून आज उतरवली, एवढंच काम त्यात होतं. खाटेपाशी दोन मिनिटं थांबून तो माणूस नेमकं काय करतोय ते बघायला जास्त कष्ट पडले असते. ते कोणी घेतले नाहीत.

त्या माणसाबद्दल मी लिहितो आहे ते या ओळीमुळे. नाहीतर लिहिणं हा माझा धंदा नाही.

कारखान्यात आम्ही त्याला थेंबेसाहेब म्हणत असू. त्याचं आडनाव ते नव्हे, आणि साहेब तर तो कधीच नव्हता. आमचा कारखाना पोलादी कपाटांचा. मी रंग फवारायच्या गनवर होतो, एकोणतीस वर्षं. थेंबे रंग कालवायच्या खोलीत, चौतीस वर्षं. रंग घट्ट असला तर कपाटाच्या दारावर संत्र्याच्या सालीसारखी खडबड उठते. पातळ असला तर ओघळ येतात. म्हणजे माझं काम चांगलं की वाईट हे मी गन हातात घेण्याआधीच त्याच्या खोलीत ठरलेलं असायचं.

तो मोजायचा एका पितळी पेल्याने. चहाच्या कपाएवढा पेला, बुडाला एक भोक. भोकाखाली बोट लावायचं, पेला काठोकाठ भरायचा, वर काचेची पट्टी फिरवून सपाट करायचा. मग बोट काढायचं आणि मोजायला लागायचं. धार सरळ पडते, बारीक होते, आणि एका क्षणी तुटून थेंब पडायला लागतात. धार तुटली की मोजणं थांबवायचं. आमच्या गनला बावीस सेकंद लागत. चोवीस झाले तर थिनर घालायचा, वीस झाले तर घट्ट रंग. बाकीचे एकवीस-बावीस-तेवीस सगळं एकच धरत. हा धार तुटेपर्यंत वाकून बसायचा. म्हणून थेंबेसाहेब.

पेल्याचं भोक तो कधी तारेने साफ करू देत नसे. नुसतं फडकं, तेही मऊ. "तार घातलीस की भोक मोठं होतं," तो म्हणायचा, "मग तू जन्मभर खोटं मोजशील आणि तुला वाटेल तू फार शहाणा आहेस." बोलणं कमी, पण लागेल असं.

त्याचं एक वाक्य सगळ्या कारखान्याला पाठ होतं. कोणी सांगायला लागला की मी मगाने मोजून अमुक इतका थिनर घातला, तर हा हात वर करून त्याला थांबवायचा. "किती टाकलं ते सांगू नकोस. कसं पडतं ते दाखव."

या वाक्याने माझी गन वाचली. थेंबेची बायको आजारी होती म्हणून तो एक दिवस आला नाही. सुपरवायझरने दुसऱ्याच माणसाला कालवायला बसवलं आणि सांगितलं, रोजच्याएवढा थिनर टाक, त्यात काय मोजायचं. रोज सकाळी गारठा असायचा. त्या दिवशी नव्हता. उबेत रंग आपोआप पातळ होतो, त्यात वरून रोजचा थिनर. मी चौसष्ट दारं मारली आणि चौसष्ट दारांवर ओघळ आले. सुपरवायझर सगळ्यांसमोर मला म्हणाला, "तुझा हात जड झालाय. उद्यापासून घासायच्या कामावर जा."

दुसऱ्या दिवशी थेंबे आला. पिंपाच्या तळातला उरलेला रंग घेतला, पेला घेतला आणि सरळ सुपरवायझरच्या टेबलावर, कागदांवर वर्तमानपत्र पसरून, मोजून दाखवला. चौदा सेकंद.

"हात जड झालाय हे खरं," तो म्हणाला. "पण गनवाल्याचा नाही, मगवाल्याचा."

सुपरवायझरने माफी मागितली नाही. तसली माणसं मागत नाहीत. पण मी गनवर राहिलो. ती चौसष्ट दारं घासून काढायला अकरा दिवस लागले. थेंबे रोज जेवणाच्या सुट्टीत घासायला यायचा. त्याची काही चूक नव्हती. मी तसं म्हणालो तर म्हणाला, "सुट्टी मीच घेतली होती ना."

घरीही तो तसाच. त्याची मुलगी चौथी-पाचवीत असताना बाईंनी वर्गात विचारलं, तेल पातळ की पाणी. मुलीने लिहिलं पाणी. बाईंनी लाल शाईने फुली मारली. बाईंचं म्हणणं, तेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे ते हलकं, म्हणजे पातळ. पोर रडत घरी आली. थेंबेने तिला गप्प केलं नाही, समजूतही काढली नाही. दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा घेतला, बुडाला खिळ्याने एक भोक पाडलं, कडा घासून गुळगुळीत केल्या, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघं बसले. पाणी, दूध, तेल, मध. प्रत्येक वेळी डबा त्याच रेषेपर्यंत भरायचा, प्रत्येक वेळी धुऊन कोरडा करायचा, प्रत्येक गोष्ट तीनदा मोजायची. पाणी नऊ सेकंद. दूध दहा. तेल सदतीस. मधाच्या वेळी मुलगी कंटाळून खेळायला गेली आणि परत आली तरी धार चालूच होती.

"हलकं म्हणजे पातळ नव्हे," त्याने तिला सांगितलं. "हलकं-जड हे वजन. घट्ट-पातळ हे वाहणं. दोन वेगळी कामं, दोन वेगळी मापं."

दुसऱ्या दिवशी डबा आणि तेलाची बाटली घेऊन तो शाळेत गेला. बाईंनी तीस मुलांसमोर ते बघितलं. मग फुलीशेजारी बरोबरची खूण केली, पेन्सिलीने. फुली शाईची आणि बरोबर पेन्सिलीचं. हे त्याला शेवटपर्यंत डाचत राहिलं. निवृत्त झाल्यावरही मध्येच म्हणायचा, "पेन्सिल बघ तिची."

तर असा माणूस. त्र्याहत्तराव्या वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं. डोकं शाबूत राहिलं. मी हे अंदाजाने म्हणत नाही. मी पहिल्या आठवड्यात त्याच्यासमोर कारखान्यातल्या पगारी सुट्ट्यांचे दिवस मुद्दाम चुकीचे सांगितले, त्याने डाव्या हाताने "नाही" केलं आणि बोटांनी बरोबर आकडा दाखवला.

बायको आधीच गेलेली. मुलगी बेकरीत कामाला, पहाटे चारला निघते. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून शुश्रूषागृह. मुलगी रोज दुपारी कामावरून थेट तिथे जायची, चपलेला पीठ लागलेलं असायचं.

इस्पितळातून सोडताना गिळण्याची तपासणी करणाऱ्या बाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं होतं. झटक्यानंतर गळा आळशी होतो. पाणी पळत येतं आणि श्वासनळीचं दार बंद व्हायच्या आत आत शिरतं. मग ठसका, मग छातीत कफ, मग ताप. म्हणून पाणी, चहा, सूप, जे काही पातळ असेल त्यात पावडर घालून ते घट्ट करायचं. जास्त घट्ट केलं तर घशात चिकटून राहील, कमी केलं तर पळेल. आणि मोजायचं कसं, तेही कागदावर लिहून दिलं: सुई काढलेली दहा एमएलची सिरिंज, आतला दट्ट्या काढून टाकायचा, टोकाला बोट लावायचं, दहाच्या रेषेपर्यंत भरायचं, बोट काढायचं, दहा सेकंदांनी पुन्हा लावायचं. सिरिंजमध्ये चार ते आठ एमएल उरलं पाहिजे.

मी थेंबेकडे बघितलं. तोंडाची एकच बाजू हसत होती. चौतीस वर्षं त्याने जे केलं तेच त्या बाई त्याला शिकवत होत्या.

तो कागद शुश्रूषागृहाच्या फायलीत गेला आणि फाईल कपाटात. कपाट आमच्याच कारखान्याचं होतं, माझ्याच काळातलं. रंग अजून चांगला होता.

पहिले दोन महिने बरे गेले. मग ठसके सुरू झाले. एकदा ताप, मग दुसऱ्यांदा. त्यानंतर त्याने पेला समोर आला की तोंड मिटायला सुरुवात केली. वजन उतरायला लागलं. मंगळवारी मी गेलो तेव्हा मोठ्या सिस्टरने मला बाजूला घेतलं आणि ती वही दाखवली.

"गुरुवारी डॉक्टर येतात," ती म्हणाली. "नाकातून नळी घालायचं ठरतंय. तुम्ही मुलीला समजवा."

"नळी घातली की तोंडाने काय देणार?"

"काही नाही. मग सगळं नळीतून."

"चहा?"

"आजोबा, चहाचं काय घेऊन बसलात."

या माणसाकडे आता चालणं नव्हतं, बोलणं नव्हतं, डबा उघडण्याएवढा हात नव्हता. दिवसातून दोन वेळा चहाची चव, एवढंच उरलं होतं. ते गुरुवारी जाणार होतं, आणि कारण काय, तर सहकार्य नाही.

"तो तोंड का मिटतो, हे कोणी बघितलं का?" मी विचारलं.

"हट्ट, दुसरं काय. आणि नुसता हट्ट नाही, मुद्दाम सांडतात. या, बघा."

तिने पेला आणि चमचा त्याच्या डाव्या हाताशी ठेवला. थेंबेने चमचा बुडवला, वर उचलला आणि पेल्यावर धरून तिरका केला. ते पाणी पेल्यात पडलं, थोडं चादरीवर. त्याने चमचा ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा तिरका.

"ही तिसरी चादर आजची," सिस्टर म्हणाली.

मी चादर बघत नव्हतो. दुसऱ्या वेळी चमचा त्याने दोन बोटांत आणि अंगठ्यात धरला होता, आणि करंगळीचं नख खाटेच्या लोखंडी कडेवर वाजत होतं. टक. टक. तिसऱ्याच्या आत धार तुटली. नख थांबलं. त्याने माझ्याकडे बघितलं.

नऊ दिवस तो रंग मोजत होता आणि नऊ दिवस त्याच्या चादरी बदलत होत्या. माझ्या कानशिलात रक्त चढलं.

"सिस्टर, हे पातळ आहे. तो तुम्हाला सांगतोय की पातळ आहे."

"पातळ कसं असेल? दोन चमचे लिहिलेत, दोनच टाकतो. या स्वयंपाकघरात, उभे राहून बघा."

मी गेलो. तिथे एक पन्नाशीची बाई एकटी अठ्ठावीस माणसांचं करत होती. तिने खिळ्याला सुतळीने बांधलेला निळा चमचा घेतला, डब्यातून पावडर काढली, सुरीच्या पाठीने सपाट केली. एक. परत तसंच. दोन. पेल्यात पाणी रेषेपर्यंत. ढवळलं, बाजूला ठेवलं. मी कितीही वाकून बघितलं तरी तिच्या हातात खोट नव्हती.

"झालं समाधान?" सिस्टरने विचारलं.

पण माझ्याकडे थेंबेची दोन टक होती, आणि त्याच्या मोजण्यात आणि कोणाच्या सांगण्यात फरक पडला तर काय धरायचं हे मी चौसष्ट दारं घासून शिकलो होतो. मी त्या बाईकडे झाकणाची बाटली मागितली, तो पेला तीत ओतला, घड्याळ बघितलं आणि दुपारच्या भेटीला नुकत्याच आलेल्या मुलीला घेऊन थेट तिच्या घरी गेलो. चाळीस मिनिटं लागली. तीन मजले चढताना मी दोनदा थांबलो. ते चाळिसातच धरलं आहे.

पावडरीचा डबा रुग्णाच्या घरच्यांनी आणून द्यायचा असा तिथला नियम होता. पुढच्या महिन्याचा डबा मुलीच्या ओट्यावर होता, अजून सील न फोडलेला. मी बाटली उघडणार तोच तिने माझा हात धरला.

"काका, थांबा. हे चाळीस मिनिटं जुनं आहे. माझं ताजं असेल. बाबा दोघांना घराबाहेर काढतील."

पोर बापाचीच. तिने डब्यातल्या चमच्याने दोन चमचे टाकून एक पेला तयार केला आणि आम्ही तोही चाळीस मिनिटं तसाच ठेवला. तोवर बाटलीतलं आणखी जुनं होणार होतं, पण जुनं झालं तर ते घट्टच होईल, पातळ नाही. तोवर तिने माळ्यावरून तो जुना डबा काढला, खिळ्याच्या भोकाचा. गंजला होता. "नको," मी म्हणालो, "गंजाने भोक बदललं असेल." तिने तो शेजारी ठेवला. मग सिरिंज घेतली. आधी साधं पाणी: दहा सेकंदांच्या आतच रिकामी. मग तेल: बरंच उरलं. सिरिंजचं भोक बुजलेलं नाही, ती खोटं बोलत नाही, एवढं कळलं.

वेळ झाल्यावर तिने स्वतः केलेला पेला भरला. मी घड्याळ धरलं. दहा सेकंद. बोट. सहा उरलं. पुन्हा. सहा. पुन्हा. सहाला जरा कमी.

मग बाटलीतलं. दहा सेकंद. बोट लावायला जवळजवळ काही नव्हतंच. एकाच्याही खाली. तीनदा केलं, तीनदा तेच.

ती खुर्चीत बसली. "हे पाजत होते त्यांना."

"हो."

"मीही पाजलं. परवा. त्यांनी तोंड मिटलं तर मी रागावले त्यांच्यावर. म्हटलं, बाबा, लहान मुलासारखं करू नका."

मी सिरिंज धुऊन ठेवली. तिला ते सहन करायचंच होतं, त्यात मी हात घालून काय होणार.

तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "पावडर तीच. पाणी तेवढंच. तिकडे दोन, इकडेही दोन. मग काका, खोटं बोलणारं उरलं कोण?"

आम्ही दोघांनी एकदमच ओट्याकडे बघितलं. डब्यातून निघालेला चमचा पांढरा होता.

"तिकडचा निळा आहे," मी म्हणालो. "सुतळीला बांधलेला."

बुधवारी सकाळी मी पांढरा चमचा खिशात घालून स्वयंपाकघरात उभा राहिलो. निळा चमचा पाण्याने भरला आणि पांढऱ्यात ओतला. अर्धा भरला. पुन्हा ओतला. काठोकाठ. दोन निळे म्हणजे एक पांढरा. गेले दोन महिने ते लोकांना अर्धी पावडर देत होते.

स्वयंपाकघरातली बाई स्टुलावर बसली. मग तिने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पूर्वी दुसऱ्या, थोडक्यात जास्त घट्ट करणाऱ्या पावडरीचे डबे येत, त्यात निळे चमचे असत. ते हरवायचे. सिस्टर ओरडायची. म्हणून तिने एक निळा चमचा सुतळीने खिळ्याला बांधला, की हा तरी राहील. मग दोन महिन्यांपूर्वी डबे बदलले. नव्या डब्यांतले पांढरे चमचे तिने फेकले नाहीत, चांगली वस्तू म्हणून वापरात घेतले. तिने फडताळ उघडून दाखवलं. मिठात एक, साखरेत एक, साबणाच्या चुऱ्यात एक, आणि खणात आणखी सात.

"मी चमचा जपला हो," ती म्हणाली. "माझीच माणसं असल्यासारखं रोज सपाट करून घातलं."

तिच्यावर मला रागावता आलं नाही. तिने सांगितलेलं काम सांगितल्यापेक्षा नीट केलं होतं. राग त्यांचा आला ज्यांनी तिला "दोन चमचे" एवढंच सांगितलं आणि कसं पडतं ते बघायचा कागद कपाटात घातला. घट्ट पाणी लागणारी माणसं तिथे आणखी चार होती. त्या चौघांपैकी कोणी चमचा तिरका करून दाखवू शकत नव्हतं. ती माणसं नुसती खोकत होती, आणि त्यांच्या वहीत लिहिलं होतं "खोकला आहे."

सिस्टरने निळा चमचा हातात घेऊन फिरवून बघितला. तिचा चेहरा उतरला, एवढं मी तिच्या बाजूने लिहीन. मग म्हणाली, "ठीक आहे. आजपासून पांढरा. विषय संपला."

"संपला कसा? ती नऊ वाक्यं?"

"वहीत खोडाखोड चालत नाही."

"आणि उद्याची नळी?"

"ते डॉक्टर ठरवतील. वजन उतरलंय हे खरं आहे ना? ते घेत नाहीत हेही खरं आहे."

त्या संध्याकाळी पांढऱ्या चमच्याने दिलं तरी त्याने तोंड मिटलं.

मिटणारच. नऊ दिवस ज्यांनी त्याचं ऐकलं नाही त्यांच्या शब्दावर दहाव्या दिवशी तो का पिणार? त्याला कोणी मोजून दाखवलं होतं का?

गुरुवारी डॉक्टर आला. तरुण, घाईत, नजर फायलीत. मी खाटेपाशी ट्रेमध्ये दोन पेले ठेवले होते, स्वयंपाकघरातल्या बाईने माझ्यासमोर केलेले, दोन्ही एकाच वेळचे. एक निळ्या चमच्याचा, एक पांढऱ्याचा. मुलगी बेकरीतून सुट्टी काढून आली होती.

"हे काय?" डॉक्टरने विचारलं.

"दोन मिनिटं लागतील," मी म्हणालो. "नऊ दिवसांत नाही मिळाली, आता द्या."

त्याने घड्याळाकडे बघितलं, पण थांबला.

मी सिरिंज धरली. थेंबेला काही सांगावं लागलं नाही. त्याने डावा हात पुढे केला आणि तर्जनी टोकाखाली लावली. मी निळ्याचं पाणी दहाच्या रेषेपर्यंत भरलं, डोळ्यांच्या पातळीवर आणून. त्याने मान हलवली, बोट काढलं आणि त्याच हाताने कडेवर ठोके द्यायला लागला. टक. टक. डॉक्टरची नजर आता घड्याळावर होती. दहाव्या टकेला थेंबेचं बोट परत टोकाखाली आलं. सिरिंजमध्ये नावाला ओलावा.

"बरोबर दहा," डॉक्टर स्वतःशीच म्हणाला. मग मला म्हणाला, "यांना कळतंय सगळं?"

"तुमच्या घड्याळाला कळतं तेवढं."

सिस्टर खिडकीबाहेर बघत होती.

मग पांढऱ्याचं. भरलं. बोट निघालं. धार पडली, पण जाड आणि सावकाश. टक टक दहापर्यंत. बोट. थेंबेने मान पुढे करून रेषा वाचली. सहा. त्याने तीन बोटं वर केली. एकदा केलेलं मोजणं त्याने कधी धरलंच नाही. आम्ही आणखी दोनदा केलं. डॉक्टर उभाच राहिला. त्याला घाई आहे हे तो विसरला असावा.

तिसऱ्यानंतर थेंबेने पांढरा पेला स्वतः उचलला, तिरका करून काचेवरून ते कसं सरकतं ते बघितलं, हनुवटी खाली घेतली आणि प्यायला. एक घोट, थांबणं. एक घोट, थांबणं. मी मोजत होतो, मुलगी मोजत होती, मला वाटतं सिस्टरही मोजत होती. सतरा घोट. एकदाही ठसका नाही.

डॉक्टरने फायलीत नळीची ओळ कापली. वजन दर आठवड्याला बघू, असं लिहिलं. जाताना म्हणाला, "साधी चमच्याची चूक, बघा ना."

"चमच्याबद्दल वहीत काही नव्हतं," मी म्हणालो. "त्याच्याबद्दल होतं."

त्याने मान डोलावली. सिस्टरने त्या दिवशी लिहिलं, "रुग्णाने पूर्ण पेला घेतला." शाईने लिहिलं. आधीच्या नऊ ओळी तशाच आहेत. तो सहकार्य करायला लागला, असं ती वही वाचणाऱ्याला वाटेल. म्हणून हे लिहिलं.

निळा चमचा आता खिळ्याला नाही. त्या बाईने त्याच सुतळीला सिरिंज बांधली आहे, आणि पाचही जणांचा पहिला पेला ती रोज मोजते. चार दिवसांत तिचा हात बसला. दोघांचा खोकला थांबला आहे. तिला कोणी शाबासकी दिली असेल असं मला वाटत नाही. मी दिली.

पुढच्या शनिवारी दुपारी मी घरून चहा घेऊन गेलो. मुलगी होती. मी खुशीत होतो, हे कबूल करतो. त्याचा जुना मोठा कप मुद्दाम घरून आणला होता. चहा ओतला, दोन पांढरे चमचे टाकले, भराभर ढवळलं, डब्यावर लिहिलेल्या वेळेएवढं ठेवलं आणि त्याच्या हातात दिला.

थेंबेने कप तिरका केला. बघितलं. तोंड मिटलं.

"अरे, दोन टाकलेत," मी म्हणालो. "पांढरे. माझ्या हाताने."

त्याने कप ठेवला आणि डावा तळवा माझ्यापुढे पसरला.

"काका," मुलगी म्हणाली, "किती टाकलं ते सांगू नका." आणि तोंडावर हात धरून हसायला लागली.

मी गेलो, सिरिंज आणली. भरली. त्याने बोट लावलं, काढलं, दहा ठोके दिले. तीनच उरलं. कप मोठा होता. पेल्याच्या मापाचे दोन चमचे मी दीडपट कपात टाकले होते. एकोणतीस वर्षं त्याच्या बावीस सेकंदांवर जगलेला माणूस मी, त्याच्यासमोर मगवाला ठरलो. माझे कान तापले. रागावायला दुसरं कोणी नव्हतं.

आणखी एक चमचा टाकला. पुन्हा थांबलो. पुन्हा मोजलं: सहा. पुन्हा मोजलं: सहा. तिसऱ्या वेळी मी मुद्दाम त्याच्याकडे बघितलं, म्हटलं आता तरी सोड. त्याने बोट टोकाखाली लावून ठेवलं होतं.

तोवर चहा पार गार झाला होता. तो त्याने हनुवटी खाली घेऊन, थांबत थांबत, सगळा संपवला.